आठ आणे कुणाच्या खिशात?

‘सुट्टे नाहीत, चॉकलेट चालेल?’ नारायण पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या, पत्र्या मारुती ते अप्पा बळवंत चौक अशा रोज चकरा मारणाऱ्या कुठल्याही मुला-मुलीला हे वाक्य पाठ असतं. चार आणे ३० जून २०११ला चलनातून गेले. आठ आण्यांचं नाणं मात्र आजही कायदेशीर आहे. नाणे कायद्यानुसार दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठ-आठ आण्यांत देता येते. पण ते घेतो कोण? दुकानदार घेत नाही आणि खरं सांगायचं तर आपणही घेत नाही.

मग हिशेब ‘राऊंड’ होतो. त्याला आमचा विरोध नाही. तो दरवेळी वरच्याच बाजूला का होतो, एवढंच विचारायचंय.

एसटीचं उदाहरण घ्या. जून २०१८मध्ये भाडेवाढ करताना महामंडळाने तिकिटं पाचाच्या पटीत आणली. सात रुपये होत असतील तर पाच, आठ होत असतील तर दहा. भाडेवाढ कुणालाच आवडली नसेल, पण सुट्ट्यांपुरता हा नियम सरळ होता. आधी जाहीर केलेला, सगळ्यांना सारखा आणि कधी प्रवाशाच्या फायद्याचा, कधी महामंडळाच्या. कॅनडाने २०१३मध्ये एक सेंटचं नाणं वाटणं थांबवलं, तेव्हाही असंच ठरलं. रोख बिल जवळच्या पाच सेंटला. कार्डाने दिलं तर सेंटन् सेंट बरोबर.

आता आपलं बिल बघा. नव्वद रुपयांची थाळी, त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ९४ रुपये ५० पैसे. हातात पडतं ९५चं बिल. ११०चे ११५.५०, देतो ११६. मेनूकार्डावरचे भाव दहाच्या पटीत असले की पाच टक्क्यांनी एकतर पूर्ण रुपया येतो, नाहीतर बरोबर अर्धा. आणि शाळेत शिकलेला नियम अर्ध्याला वर ढकलतो. म्हणजे ‘जवळचा रुपया’ ऐकायला निष्पक्ष, पण इथे गिऱ्हाईक कधी जिंकूच शकत नाही. दीड रुपया पान या दराने झेरॉक्स काढा, विषम पानांना तीच गत.

‘आठ आण्यांसाठी काय वाद घालायचा?’ असं म्हणाल. समजा, दिवसाला अशी दोनशे बिलं झाली. रोजचे शंभर, महिन्याचे तीन हजार. एकट्याचे आठ आणे किरकोळ असतात, सगळ्यांचे नसतात. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली याच पुण्यात सुरू झाली, ती या साध्या गणितावरच.

दुकानदाराचीही बाजू आहे. दहाच्या चहाला पाचशेची नोट काढणारे आपणच. दहाचं नाणं ‘चालत नाही’ म्हणून परत करणारेही आपणच. रिझर्व्ह बँकेने २०१८मध्येच सांगितलंय की त्याची चौदाही डिझाइन्स वैध आहेत. नाणी फिरलीच नाहीत तर गल्ल्यात येणार कुठून?

तेव्हा दोघांनीही थोडं सरकावं. यूपीआयवर ९४.५० नीट जातात, तिथे राऊंड करायचं कारणच नाही. रोखीत अर्धा रुपया गिऱ्हाइकाला सुटावा. न मागितलेलं चॉकलेट हे सुट्टे नव्हेत, ती विक्री आहे. ‘नको’ म्हणायला लाजू नका. अडवणूकच झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि आपण खोलीतल्या डब्यात साठवलेली चिल्लर बाहेर काढावी.

पुण्यात पाट्या लावायला कुणाला शिकवावं लागत नाही. काउंटरवर एक पाटी याचीही असू दे: ‘रोख बिलातले पन्नास पैसे सोडले जातील.’