मोबाईलवरची टक्केवारी आणि बायकांचे हृदय

गेल्या महिन्यातली गोष्ट. ओळखीच्या एक वहिनी मुलाबरोबर दवाखान्यात आल्या. वय ४४. जिना चढताना धाप लागते, पाठीत वरच्या बाजूला जड वाटते, थांबले की बरे वाटते, अशी तक्रार. मी ईसीजी काढू म्हणालो, तेव्हा मुलाने मोबाईल पुढे केला. "डॉक्टरकाका, इंटरनेटवर आईची सगळी माहिती भरून पाहिली. दहा वर्षांत हार्ट अटॅकचा धोका दोन टक्क्यांहूनही कमी आलाय. गॅसेसच असतील." वहिनीही म्हणाल्या, "तेच म्हणते मी. उगाच खर्च कशाला?"

मुलाला मी नावे ठेवत नाही. आईच्या हृदयाचा विचार करणारी मुले आपल्याकडे किती आहेत? हे कॅल्क्युलेटरही खोटे नाहीत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान यांवरून धोका मोजण्याची पद्धत अशाच अभ्यासांतून आली. पण हे यंत्र कोणासाठी आहे, हे आधी समजून घ्यावे.

पहिली गोष्ट, ते ज्याला काहीच त्रास होत नाही अशा माणसासाठी आहे. त्रास सुरू झाला की टक्केवारीचा काळ संपला, तपासणीचा सुरू झाला. दुसरी गोष्ट, या गणितात सर्वांत जास्त वजन वयाला असते. त्यामुळे चाळिशीतल्या बाईचा आकडा बहुधा लहानच येतो. तिसरी गोष्ट, फ्रेमिंगहॅममधील ते लोक बहुतांशी गौरवर्णीय होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसले की भारत व शेजारच्या देशांतील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा कमी वयात येतो.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र विचारते, "सिगारेट ओढता का?" आमच्या वहिनींनी अर्थातच "नाही" भरले. मी विचारले, "मशेरी लावता का?" त्या मुलाकडे बघून ओशाळल्या. वीस वर्षांची सवय! मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि न ओढता तोंडात धरलेली तंबाखूही हृदयाला घातक आहे. पुढे विचारले, "बाळंतपणात बीपी वाढले होते का?" दुसऱ्या खेपेला वाढले होते, म्हणून दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावे लागले होते. गरोदरपणातले वाढलेले बीपी किंवा शुगर बाळंतपणानंतर उतरली, तरी पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका वाढवून जाते. नेहमीच्या कॅल्क्युलेटरमध्ये हा प्रश्न नसतो.

ईसीजी जवळजवळ नॉर्मल आला. तरी मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलेच. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. वेळेत उपचार झाले, वहिनी आता बऱ्या आहेत.

माझ्या या आग्रहाला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका बाईंना मळमळ आणि जबडा दुखतो म्हणून मी आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवले. छातीत कळ नव्हती, बाई तरुण होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तेव्हा मोबाईल नव्हता. चुकीचा हिशेब माझ्याच डोक्यात होता. "बाईमाणसाला कसला हार्ट अटॅक?" हा तो हिशेब. तो आजही अनेक घरांत आणि काही दवाखान्यांतही चालतो. मोबाईलमुळे त्याला शास्त्राचा शिक्का मिळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांना आकडा पाहायचाच आहे त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे तक्ते पाहावेत. त्यांत दक्षिण आशियाचा वेगळा तक्ता आहे, आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नसेल तर उंची-वजनावरूनही अंदाज येतो. मात्र त्यासोबत घरातल्या बाईला चार प्रश्न विचारा. मशेरी किंवा तंबाखू आहे का? गरोदरपणात बीपी, शुगर वाढली होती का? पाळी चाळिशीच्या आतच गेली का? आईवडिलांना किंवा भावंडांना कमी वयात झटका आला होता का? एकाचेही उत्तर "हो" आले, तर आकडा लहान असला तरी डॉक्टरांना सांगा आणि दरवर्षी बीपी, शुगर तपासून घ्या. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते.

आणि धाप, दरदरून घाम, मळमळ, जबडा, पाठ किंवा हात दुखणे असे काही अचानक सुरू झाले, तर मोबाईल जरूर हातात घ्या, पण १०८ लावण्यासाठी. घरातली बाई "काही नाही, होईल बरे" म्हणेल. तिचे हे एक ऐकू नका.