नाव कोण सुचवणार?

वाचकहो, आपल्या वस्तीतला तरुण आता केवळ नोकरीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसत नाही. आयटीआय करून कुणी एसी दुरुस्त करतो, कुणी प्लंबिंग करतो, कुणी मंडप घालतो. भगिनी मालवणी मसाला कुटून विकतात. हाताला कसब आहे; अडते ते पुढे. "चांगला माणूस आहे का कोणी?" असे मालक विचारतो, तेव्हा समोरच्याच्या तोंडी ज्याचे नाव येते त्यालाच काम मिळते.

हा अनुभव जुना आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ते अस्पृश्य आहेत हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. एवढ्या विद्वत्तेलाही बाजारात नाव सुचवणारा लागतो, तिथे तुमची-आमची काय कथा!

म्हणूनच धंदेवाल्यांनी एकत्र येऊन एकमेकांना काम सुचवण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत १९८५ साली आयव्हन मायस्नर यांनी 'बीएनआय' काढली. तिच्या प्रत्येक गटात एका व्यवसायाचा एकच सभासद असतो. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब उभा केला. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' स्थापन केली. तरीही अशा गटांत जाणारे पुष्कळ जण म्हणतात, "वर्गणी भरली, चहा प्यालो, काम काही आले नाही." असे का व्हावे?

पहिले कारण, मागणी मोघम असते. "एसीचे काही काम असेल तर सांगा" म्हटले की ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. त्याऐवजी असे सांगावे : "देवबाग-तारकर्लीला पर्यटकांसाठी खोल्या असलेला मालक हवा. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या एसीची जाळी गंजते. चतुर्थी झाल्यावर, दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी मी सर्व्हिसिंग करून देतो." आता ऐकणाऱ्याला लगेच आपला मेहुणा किंवा शेजारी आठवतो.

दुसरे, नाव सुचवणारा आपली अब्रू पणाला लावतो. आपले काम त्याने पाहिलेले नसेल तर तो तोंड उघडणार नाही. म्हणून गटातल्या एकेकाला दुकानावर बोलवा, केलेले काम दाखवा. काम मिळाले की वेळेवर जा, पक्के बिल द्या आणि ज्याने पाठवले त्याला "काम झाले" एवढे तरी कळवा. ही कळवाकळव राहिली की दुसऱ्यांदा नाव निघत नाही.

तिसरे, आधी द्यावे. मंडपवाल्याला लग्नघर सर्वांत आधी कळते. त्याने जेवण करणाऱ्या भगिनींचे नाव तिथे घातले, तर पुढच्या घरी त्या मंडपवाल्याचे नाव घालतील.

चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांची पाहणी मांडली. ज्या ओळखीतून नोकरी लागली तो माणूस वरचेवर भेटणारा होता, असे सांगणारे शंभरात सतराच निघाले. बाकीच्यांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली. कारण उघड आहे. आपल्या घरच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊकच असते. तेव्हा वस्तीतला गट हवाच, पण तेवढ्यावर थांबू नये. कुडाळ-कणकवलीच्या व्यापाऱ्यांत, होडीवाल्यांत, होमस्टेवाल्यांतही आपली ऊठबस हवी. काही दारे आडनाव ऐकून आजही बंद होतात, हे आम्ही जाणतो. पण आत बसलेल्या एखाद्याने आपल्या कामाची खात्री दिली, तर दार किलकिले तरी होते.

आमची सूचना साधी आहे. दहा निरनिराळ्या धंद्यांतील बंधू-भगिनींनी महिन्यातून एका रविवारी जमावे. आम्ही कारकून माणसे, वहीवर आमचा भरवसा! त्या वहीत पाच रकाने आखा : तारीख, नाव कोणी सुचवले, कोणाला, काम झाले का, किती रुपयांचे. सहा महिन्यांनी वही सर्वांसमोर वाचा. कोण नुसते घेतो, कोण देतो आणि कोणाचे काम कुठे अडते, हे त्यातूनच कळेल. येत्या रविवारीच वही घाला.