पोकलेनचा पावसाळा

जून सरता सरता शिरूर आणि दौंड तालुक्यांत पोकलेनची घरघर ओसरते. काळ्या रानात साखळी रुतू लागते, शेततळ्याचा खड्डा खणून होण्याआधीच पाण्याने भरतो, विहिरींची कामे उन्हाळ्यातच उरकलेली असतात आणि भीमा-घोडच्या पात्रातील वाळूउपशाला पावसाळ्यात बंदीच असते. उन्हाळाभर तासावर धावलेली यंत्रे मग कुठे बांधाच्या कडेला, कुठे ढाब्याच्या मागे, बकेट जमिनीला टेकवून उभी राहतात. दसऱ्याच्या आसपास बॅटरी जोडायची, डिझेल भरायचे आणि यंत्र पुन्हा कामाला जुंपायचे, असा बऱ्याच ठिकाणचा शिरस्ता. माझे म्हणणे असे की, हे मधले तीन महिने हाच पोकलेनच्या मोठ्या सर्व्हिसचा हंगाम मानला पाहिजे, तिचे पैसे तासाच्या भाड्यातूनच बाजूला पडले पाहिजेत, आणि ती झाली की नाही हे भाड्याने यंत्र घेणाऱ्याने विचारले पाहिजे. मालकाने आपल्या यंत्राचे काय करावे हा त्याचा खासगी मामला, असे वरवर वाटते. पण न केलेल्या सर्व्हिसचे बिल बऱ्याचदा मालक भरत नाही, ज्याच्या रानात यंत्र चालते तो भरतो.

पोकलेन हे नाव मुळात फ्रान्समधील पोक्लेन कंपनीचे. लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने ही यंत्रे भारतात बनवली आणि नाव असे रुजले की आज यंत्र चाकणच्या ह्युंदाई किंवा सॅनीच्या कारखान्यातून आलेले असो वा तळेगावच्या जेसीबीच्या, साखळीवर चालले की ते पोकलेनच. त्याचे वय किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. केबिनमधला अवर मीटर हीच त्याची जन्मपत्रिका. रोजचे ग्रीसिंग, २५० आणि ५०० तासांना इंजिन ऑइल व फिल्टर, इथपर्यंतची किरकोळ सर्व्हिस बहुतेक मालक करतात, कारण ती एका दुपारी उरकते. खरी गळती पुढे आहे. १,००० आणि २,००० तासांच्या टप्प्यांवर स्विंग गिअर आणि फायनल ड्राइव्हचे तेल, हायड्रोलिकचे फिल्टर, टाकीतली जाळी, कूलंट, इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, पंपाच्या दाबाची तपासणी, पिन-बुशमधला खेळ, साखळी आणि रोलरची झीज अशी कामे येतात. हायड्रोलिक ऑइल बदलण्याची मुदत तेलाच्या प्रतीनुसार आणि कंपनीनुसार साधारण २,००० ते ५,००० तास असते. ब्रेकर लावून खडक फोडायचा असेल तर तीच मुदत निम्म्याहूनही खाली येते. वर्षाला दीड-दोन हजार तास चालणाऱ्या यंत्राला म्हणजे मोठी सर्व्हिस ढोबळमानाने वर्षातून एकदा येते. नेमकी तीच टाळली जाते, कारण ती न केल्याने उद्या सकाळी काहीच बिघडत नाही.

बिघाड डोळ्याआड सुरू होतो, आणि हे अक्षरशः खरे आहे. २० टनी यंत्राच्या हायड्रोलिक यंत्रणेत २०० लिटरच्या आगेमागे तेल असते. पंप ते ३०० बारहून अधिक दाबाने सिलिंडरमध्ये ढकलतो, म्हणून बूम उचलते. पंपाच्या आत एकमेकांवर सरकणाऱ्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो आणि ४० मायक्रॉनहून बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे पंपाचा घात करणारी धूळ दिसतच नाही, आणि ‘तेल अजून स्वच्छ आहे’ या निर्वाळ्याला काही अर्थ उरत नाही. ही धूळ येते कुठून? सिलिंडरच्या रॉडवरचे सील फाटले की प्रत्येक हेलकाव्याबरोबर रॉड बाहेरची माती आत नेतो. टाकीचे टोपण उघडे टाकून, धूळ बसलेल्या नरसाळ्यातून तेल ओतले की उरलेली जाते. त्यात नदीकाठची वाळू म्हणजे पोलादालाही ओरखडे काढणारा पदार्थ. एकदा धातू खरवडला की त्याचाच चुरा पुढचा धातू खरवडतो. जुना फिल्टर फेकून देण्याआधी कापून त्याच्या घड्या उलगडल्या तर हा सगळा इतिहास समोर येतो. पिवळसर चमक दिसली तर पंपातला कांस्याचा भाग झिजतो आहे, चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा, आणि काळे लवचिक तुकडे सीलचे. पाच मिनिटांच्या या तपासणीला पैसे लागत नाहीत. तरीही फिल्टर बदलताना ती क्वचितच होते.

झिजलेला पंप एकदम बसत नाही, आधी सुस्तावतो. सकाळी तेल थंड आणि घट्ट असते तोवर यंत्र ठीक चालते; दुपारी तेल तापून पातळ झाले की ते आतल्या आतच झिरपू लागते आणि बूम जड उचलते. ऑपरेटरला हे कळते, मालकाला बहुधा कळते, शेतकऱ्याला मात्र कळायचे कारण नसते. तो तासाचे पैसे मोजतो. समजा, एका शेततळ्याचे काम निरोगी यंत्राला २० तासांचे आहे आणि सुस्तावलेल्या यंत्राने त्याला २२ तास घेतले. वरच्या दोन तासांचे भाडे शेतकरी देतो, डिझेल त्याच्याकडे असेल तर तेही देतो. टाळलेल्या सर्व्हिसमुळे मालकाचे त्या दिवशी नुकसान होत नाही. उलट मीटर दोन तास जास्त पडतो. तासाच्या भाड्याची ही पद्धत दुर्लक्षाला दंड करण्याऐवजी बक्षीस देते, आणि सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. मालक आळशी किंवा अडाणी आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तो फक्त व्यवहाराच्या रचनेप्रमाणे वागतो. पुढे भर मे महिन्यात हायड्रोलिकचा पाइप फुटतो किंवा पंप बसतो, तेव्हा मालकालाही फटका बसतो हे खरे. पण अर्धी खणलेली विहीर आणि तोंडावर आलेला पाऊस शेतकऱ्याच्याच वाट्याला येतो.

नियोजित देखभाल ही कल्पना या मातीला परकी नाही. उसाच्या या पट्ट्यात कोणालाही विचारा, गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यात काय चालते ते तो सांगेल. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंप आणि टर्बाइन खोलले जातात. मग रोलर पूजन आणि बॉयलर अग्निप्रदीपन होऊनच नवा हंगाम उभा राहतो. गाळप चालू असताना मिल बंद पडली तर तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर वाळतो, हे कारखाना अनुभवाने शिकला आहे. दौंड जंक्शनवर उभ्या असलेल्या डब्याच्या टोकाला पाहिले तर तो शेवटचा कधी आणि कोणत्या कार्यशाळेत पूर्ण दुरुस्तीला गेला होता आणि पुन्हा कधी जायचा आहे, हे रंगवलेले दिसते. प्रवासी ते वाचत नाहीत, पण तारीख उघड्यावर असते. पोकलेनच्या अंगावर अशी तारीख नाही. टायरवरच्या जेसीबीला मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी लागते; केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बांधकाम वाहनाची व्याख्या मात्र रबरी टायर, रबरी पॅड किंवा पोलादी ड्रमच्या चाकांवर चालणाऱ्या यंत्रांपुरती आहे. पोलादी साखळीचे पोकलेन त्यात बसत नाही, म्हणून आरटीओच्या योग्यता तपासणीचा प्रश्नही येत नाही. रिक्षाला जी तपासणी चुकत नाही, ती २० टनांच्या यंत्राला नाही.

पहिला आक्षेप हप्त्याचा. यंत्र कर्जावर घेतलेले असते, बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा हप्ता पाऊस पाहत नाही, आणि नेमक्या पावसाळ्यात, म्हणजे कमाई आटलेली असताना, मोठा खर्च कुठून करायचा? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर पावसाळ्यात सापडणार नाही, ते उन्हाळ्यात शोधावे लागेल. सर्व्हिस ही जूनमध्ये उपटणारी आपत्ती नसून मीटरवर पडणाऱ्या प्रत्येक तासाचा खर्च आहे, जसे डिझेल. उदाहरणादाखल, तासाला १०० रुपये वेगळ्या खात्यात पडले तर १,५०० तासांच्या वर्षाअखेर दीड लाख रुपये जमतात. आकडा यंत्रागणिक बदलेल, पण पद्धत तीच राहील. साखळी, रोलर, स्प्रॉकेट यांच्यावर यंत्राच्या आयुष्यभराच्या देखभाल खर्चाचा जवळपास निम्मा भाग जातो, असा या उद्योगातला नेहमीचा अंदाज आहे. इतका मोठा खर्च आयत्या वेळी उसनवारी करून भागत नाही. त्यासाठी तासाचे भाडे थोडे वाढवावे लागले तर ते उघडपणे वाढवावे. शेतकऱ्याला चढ्या दराचे २० तास परवडतील की उतरत्या दराचे २२, हा हिशेब त्याला नीट करता येतो. फक्त त्याला दुसरा आकडा सांगितलाच जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणता आहे. ‘चालते आहे तोवर हात लावू नये’ असे जुने मेकॅनिक म्हणतात, आणि तो निव्वळ हेकटपणा नाही. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या देखभालीवर जो अहवाल लिहिला, त्यात असे दिसले की तपासलेल्या भागांपैकी सुमारे ११ टक्केच भागांना ठरावीक वयाला बदलण्याचा काही फायदा होता. बाकीच्यांचा बिघाड वयाशी बांधलेला नव्हता. उलट निरोगी भाग खोलल्याने नवे बिघाड शिरू शकतात. धुळीत पंप खोलणाऱ्याने हे लक्षात ठेवलेच पाहिजे. पण या अहवालातून देखभाल नको असा अर्थ निघत नाही. काय बदलायचे आणि काय नुसते तपासायचे हे वेगळे करा, असा निघतो. तेल, फिल्टर, सील, पिन-बुश, साखळी हे झिजणारे, खपणारे भाग आहेत. त्यांचे वय मोजता येते आणि ते वेळेवर बदललेच पाहिजेत. पंप, मोटर, इंजिन यांना मात्र कारणाशिवाय खोलू नये. त्यांच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, दाब मोजावा, आणि निकाल बिघडल्यावरच पाना लावावा. मोठी सर्व्हिस म्हणजे यंत्राचा सांगाडा सुटा करणे असा समज गावोगाव आहे. तो सुटला तर निम्मी भीती आणि बराचसा खर्च कमी होईल.

तिसरा आक्षेप, कंपनीची सर्व्हिस महाग पडते, हा कंपनी विरुद्ध गावचा मेकॅनिक असा वाद नाही. हात गावचाच असू द्या. त्याला हवी आहे ती ताडपत्रीखालची कोरडी जागा, धागे न सुटणारे फडके, खात्रीचा फिल्टर आणि लिहिण्याची सवय. गळती शोधायला पाइपवर हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा, कारण सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. हेही त्याला कोणीतरी शिकवले पाहिजे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बांधकाम यंत्रांचे अ‍ॅक्सल बनतात, ती यंत्रे बनवणारे कारखाने पुणे जिल्ह्यातच आहेत, तालुक्याला आयटीआय आहेत. पावसाळ्यात रिकाम्या असलेल्या ऑपरेटर आणि मेकॅनिकसाठी आठवडाभराचा वर्ग भरवणे या सर्वांना मिळून जड जाऊ नये. त्यात जळक्या ऑइलचाही धडा हवा. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेले पाहिजे. प्रत्यक्षात ते सेंट्रिंगच्या प्लेटांना फासले जाते किंवा मुरमात ओतले जाते, आणि आपण पितो ते पाणी त्याच मुरमाखाली असते.

एकटा शेतकरी मे महिन्यात मालकाकडे नोंदवही मागेल, ही अपेक्षा भाबडी आहे. तेव्हा यंत्र मिळाले हेच नशीब असते. सुरुवात म्हणून मोठ्या गिऱ्हाइकांनी केली पाहिजे. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत यंत्रांनी गाळ काढला जातो, आणि कामाचा हिशेब घनमीटरवर होतो. तासाऐवजी घनमीटरवर पैसे दिले की सुस्त यंत्राचा तोटा मालकाकडेच राहतो. खासगी कामांनीही उचलावी अशी ही पद्धत आहे. पण चिंचणीच्या घोड धरणासारख्या जलाशयात यंत्र उतरवताना त्याचे सील गळके नाहीत ना, हे घनमीटर सांगत नाही. निविदेत कंत्राटदाराकडे कोणती यंत्रे आहेत हे विचारतात. त्याच रकान्याशेजारी अवर मीटरचा आकडा आणि शेवटच्या मोठ्या सर्व्हिसचे तास विचारायला नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायत, जलसंपदा विभाग आणि साखर कारखाने यांनी एवढे केले तरी नोंदवही ठेवणारा मालक पुढे राहील आणि न ठेवणारा ती विकत आणील. यंदा पाऊस उघडल्यावर दारात पोकलेन उभे राहील तेव्हा शेतकऱ्यानेही भाव ठरवण्याआधी केबिनमध्ये डोकावून मीटर वाचावा आणि एकच प्रश्न विचारावा: मोठी सर्व्हिस किती तासांना झाली? उत्तर आकड्यात आले तर यंत्र रानात घ्यावे.