‘रोज चाला’ म्हणायचे, पण कुठे?

मधुमेह असो, रक्तदाब असो वा वाढते वजन, आम्ही डॉक्टर एक सल्ला हमखास देतो : रोज अर्धा तास चाला. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्यावर परळ-लालबागचे रुग्ण विचारतात, ‘चालायचं कुठं, डॉक्टर?’ प्रश्न रास्त आहे. पदपथावर दुचाक्या उभ्या, रस्ता खणलेला आणि घर दहा बाय सोळाचे. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीतून मोकळ्या जागा मिळायच्या होत्या. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश वाटा त्यासाठी होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावात मैदानांऐवजी मॉल आणि टॉवर उभे राहिले.

तरीही मध्य मुंबईच्या वेशीवर एक जागा शिल्लक आहे. शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. पूर्वी येथे शहराचा कचरा टाकला जाई. त्याच ढिगाऱ्यावर माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान खुले झाले. आज तेथे दाट झाडी आहे, फुलपाखरे आणि पक्षी आहेत, खाडीकडे तिवरे आहेत. दादरहून हे अंतर फार नाही. तरी अनेकांच्या लेखी ते शाळेच्या सहलीपुरतेच. माझ्या मते ते आरोग्यसेवेचाच भाग मानायला हवे.

याला आधार आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत अधिक चांगली असल्याचे सांगितले. अर्थात, तब्येत बरी असणारेच जास्त बाहेर पडत असतील, हेही लक्षात ठेवावे. मुलांबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. चीनमधील ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटे जादा मैदानी तास ठेवला, तेव्हा तीन वर्षांत चष्मा लागण्याइतका दृष्टिदोष शंभरांतील सुमारे ४० ऐवजी ३० मुलांत आढळला. चाळीच्या खोलीत मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पथ्येही पाळावीत. मिठीच्या पाण्यात पाय घालू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना, चालावे लागले तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. लगेच डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यावी. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. हिवाळ्यात पहाटे धूर-धूळ जमिनीलगत साचते, म्हणून दमेकऱ्यांनी ऊन वर आल्यावर बाहेर पडावे.

‘वर्दळ वाढली तर पक्षी जातील,’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्यावर उपाय आहे : चालणाऱ्यांसाठी ठरावीक वाटा, बाकीची झाडी बंद, ध्वनिवर्धक आणि खाद्यपदार्थांना मज्जाव.

मागण्या साध्या आहेत. उद्यानाच्या वेळा कामावर जाणाऱ्यांना सोयीच्या असाव्यात, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी. महापालिकेच्या शाळांतील मुलांचा आठवड्यातील एक तास येथे व्हावा आणि त्यांना शुल्क नसावे. मिठीत थेट सोडले जाणारे सांडपाणी आधी शुद्ध व्हावे, नाहीतर काठावरच्या फेरफटक्याला दुर्गंधीच सोबत करील. आणि शेजारी धारावीचा पुनर्विकास कसाही होवो, या ३७ एकरांतला एक गुंठाही कमी होऊ नये. त्या नव्या इमारतींत राहायला येणाऱ्यांनाही आम्ही ‘रोज चाला’ असेच सांगणार आहोत.