टाच टेकली पाहिजे

माझी उंची पाच फूट दोन इंच, कागदोपत्री तीन. कॉलेजच्या फॉर्मवर चढवलेला तो एक इंच आजवर कोणी तपासला नव्हता. पन्नाशीनंतर मोटारसायकल घ्यायला निघालो आणि पितळ उघडं पडलं.

आधी भावाची भारदस्त गाडी चालवून पाहिली. तिची सीट ८०० मिलिमीटरच्या वर. गाडी पळत असेतो मी राजा. सिग्नल लागला की फळीवरचा डबा काढणाऱ्या पोरासारखा चवड्यांवर. पसरणी घाटात चहाला थांबलो, ती गाडी लावली तोंड कठड्याकडे, उताराला. निघताना पावणेदोनशे किलोंच्या वरचं धूड मागे ढकलायचं होतं, तेही चवड्यांनी. चवड्यांना कसला आलाय जोर! टाच टेकली तरच मांडीची ताकद जमिनीत उतरते. शेवटी टपरीवाल्याने आणि एका गिऱ्हाइकाने मागून धरून ओढली. मी वर बसून, नवरदेवासारखा.

शोरूममध्ये हे कळत नाही. तिथली फरशी सपाट असते आणि "बसून बघा सर, टेकतायत की पाय" म्हणणारा मुलगा गाडी धरून उभा असतो. म्हणून आधी घरी माप घेतलं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये खोगिरासारखं वर दाबायचं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावायचा. माझं भरलं ७२ सेंटिमीटर. त्यात बुटाचा तळ मिळवायचा. आपल्या वजनाने शॉकअप थोडे बसतात तोही फायदाच. पण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि कमावलेलं सगळं तिथेच जातं. सीटची उंची पत्रकात छापतात, रुंदी कुणी छापत नाही.

मग गाड्यांची पत्रकं चाळली. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर, मीटिओरची ७६५, म्हणजे दीड इंचाचा फरक. सुपर मीटिओर ६५० तर ७४० वर येते, पण वजन २४१ किलो. ती आडवी झाली तर उचलायला गाव गोळा करावं लागेल. सीटचा फोम तासून मिळतो, पण मग तासाभरात खालचा पत्रा जाणवू लागतो. शॉकअप खाली घेतले तर स्पीडब्रेकरला पोट घासतं आणि साइड स्टँडवर गाडी पुरेशी कलत नाही, उभीच राहते.

शेवटी जुनी ॲव्हेंजर २२० घेतली. कावासाकी एलिमिनेटरच्या वंशातली ही गाडी, ॲव्हेंजर हे नाव २००५ पासूनचं. सीट ७३७, वजन १६० किलोंच्या आसपास आणि हँडल आपणहून हाताशी येणारं. खोट आहेच. पाय पुढे असल्याने खड्डा आला तरी फुटरेस्टवर उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. त्यामुळे आता खड्डे लांबूनच हेरतो.

परवा त्याच टपरीवर थांबलो. गाडी मुद्दाम तोंड उताराला करून लावली. निघताना टपरीवाला ओले हात पुसत उठलाच होता, त्याला हातानेच बस म्हटलं. टाचा रोवल्या आणि मागे आलो. मध्ये दोनदा थांबावं लागलं.