फाइफसाहेबाचा काळ
सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की हिप्परग्याचं पाणी दिसतं. कागदोपत्री हा एकरुख तलाव. अधिला नदीवर मातीचा बांध घालून १८७१मध्ये पुरा झालेला. त्या काळी मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांबाबत शब्द चाले तो कर्नल फाइफ या लष्करी इंजिनिअरचा. सिंधच्या कालव्यांवर घडलेला हा गडी पुढे दख्खनच्या कोरड्या मुलखात आला. खडकवासल्याचा जलाशय त्याच्याच नावानं ‘लेक फाइफ’ झाला. तिथली दगडी भिंत १९६१च्या पानशेतच्या लोंढ्यानं फोडली. इथला मातीचा बांध उभा आहे. तुलना अन्यायाचीच म्हणा, तसा लोंढा इथं आलाच नाही! गिरण्यांच्या या शहराला नळाचं पाणी मिळालं, तेही याच तलावातून. हिवाळ्यात काठावर पक्ष्यांसाठी दबा धरून बसलेल्या कॅमेरेवाल्यांना फाइफ कोण, हे विचारून पाहा.