‘लाईट’ म्हणजे नेमकं काय, ते सांगा

मालवणात ‘लाईट’ हा एक शब्द दिवसभर राबतो. वारा सुटला की लाईट जाते आणि रात्री कधीतरी ‘लाईट इली रे!’ अशी आरोळी वाडीभर उठते. महिन्याला लाईटीचं बिल येतं. देवगडच्या किल्ल्यावर लाईट हाऊस आहे. चहा लाईट लागतो, काम लाईट असतं, कॉलेजातली पोरं मोठ्या माणसांनाही ‘लाईट घ्या’ म्हणतात. लाईटवाला म्हणजे खांबावर चढणारा वायरमन. पण दांडीला, तळाशीलला, देवबागला ‘लाईटवाले इले’ असं कुणी म्हटलं तर किनाऱ्यावरची माणसं संतापून उठतात, कारण तिथे लाईटवाले म्हणजे एलईडीच्या झोतात मासे गोळा करून नेणाऱ्या बोटी.

इंग्रजीत हे मुळातच दोन वेगळे शब्द आहेत, लिहिताना एकसारखे झालेले. उजेडवाल्याचं दूरचं नातं संस्कृतातल्या ‘रुच्’ या झळकण्याच्या धातूशी आहे, तर हलकेपणावाल्याचं ‘लघु’शी. आपण त्यात भर घातली. दिवा असेल तर ‘लाईट लावला’ आणि वीज असेल तर ‘लाईट गेली’, असं लिंग बदलून आपल्यातले बरेचजण अर्थ वेगळा करतात. मला हे फार आवडतं. त्यामुळे हा शब्द टाका आणि ‘विद्युतपुरवठा’ म्हणा, असा सल्ला मी देणार नाही. घरात, बाजारात खुशाल लाईटच म्हणा. माझं कळकळीचं सांगणं वेगळं आहे. आपलं बोलणं ऐकून कुणीतरी धावून येणार असेल, तेव्हा ‘लाईट’ म्हणून थांबू नका.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा गावंच्या गावं अंधारात होती. अशा वेळी फोन होतो तो असा: ‘आमच्याकडे लाईट नाय.’ ‘खयसून बोलतास?’ ‘मालवणसून.’ आणि फोन खाली. एवढ्यावरून वायरमनने कुठली शिडी कुठे न्यायची? आधी शेजारी विचारा. फक्त आपल्याच घरात अंधार असेल तर फ्यूज किंवा खांबावरून घरात येणारी वायर पाहावी लागते. अर्ध्या वाडीत वीज आहे आणि अर्ध्या वाडीत नाही, तर बहुधा एक फेज गेलेला असतो. सगळीच वाडी काळोखात असेल तर डीपीचं, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरचं, नाव सांगा. महावितरणच्या 1912 या क्रमांकावर बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक विचारतात, तो मोबाईलमध्ये आधीच लिहून ठेवा. बल्ब एकाएकी भगभगीत पेटू लागले, तर त्याला ‘लाईट जास्त झाली’ म्हणू नका. न्यूट्रल तुटल्याचं ते लक्षण असू शकतं. ताबडतोब मेन स्विच बंद करा आणि मग फोन करा.

माडाचं चुडत पडून तार तुटली असेल तर पहिलं वाक्य तेच हवं: ‘तार खाली पडली आहे.’ लाईट गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे, असं कधीही धरून चालू नका. पुरवठा कुठल्याही क्षणी परत सुरू होतो, कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी तारेत शिरते. ओल्या बांबूने तार बाजूला सारायला जाऊ नका. पोरं आणि गुरं लांब ठेवा.

आता समुद्राकडे. एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यातही 2021 मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. बारा मैलांच्या आतलं पाणी राज्याचं आणि पलीकडचं केंद्राचं, पण झोत टाकून मासे ओढायला दोन्हीकडे मनाई आहे. रापणकर आणि न्हयवाले अशा पारंपरिक मच्छीमारांचा बांगडा, तारली किनाऱ्याकडे येण्याआधीच बाहेर गुंडाळली जाते, म्हणून त्यांचा राग रास्त आहे. पण ‘काल रात्री लाईट दिसली’ एवढ्या तक्रारीवर गस्तीनौका कुठे जाईल? रात्री समुद्रात दिसणारा प्रत्येक दिवा चोराचा नसतो. आपलेच लोक जाळ्याच्या बोयऱ्यावर लुकलुकता दिवा लावतात. बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, दोन्ही एकदम दिसले तर ती बोट सरळ तुमच्यावर येते आहे, आधी बाजूला व्हा.

एलईडीवाली बोट असेल तर पाणीच दूरवर पांढरं, हिरवट उजळलेलं दिसतं आणि जनरेटरचा आवाज येतो. मत्स्यव्यवसाय खात्याला कळवताना वेळ सांगा, कुठल्या गावासमोर, किती वाव पाण्यात ते सांगा, बोटी किती, दिवे डेकवर की पाण्याखाली सोडलेले, तेही सांगा. नंबर वाचता आला तर ‘आयएनडी’च्या पुढची अक्षरं नीट बघा: एमएच असेल तर बोट आपल्या राज्यातली, जीए गोव्याची, केए कर्नाटकची. मोबाईलवर चित्रण करताना किनाऱ्यावरची एखादी ओळखीची खूण चौकटीत येऊ द्या. जवळ जाऊन भांडू मात्र नका, अंधारात भर समुद्रात जीव जायला वेळ लागत नाही.

संकटात सापडलात तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093. दोन्ही क्रमांक बोटीच्या केबिनमध्ये रंगाने ठळक लिहून घ्या, आणि घरी मीटरच्या पेटीवर 1912.